भेगेवरची काच

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आमच्या घराची भेग बघायचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, वर "माझं नाव कुठं घालू नको" म्हणालात. म्हणून हे पत्र बिननावाचं, पण सगळ्यांदेखत.

बेळगावच्या वडगाव-येळ्ळूर भागातली आमची जागा मूळची भातशेती. काळ्या चिकण मातीवर मुरमाचा पाच फूट भराव टाकून घर बांधलं आणि दुसऱ्याच वर्षी मागच्या खोलीला तिरपी भेग गेली. कंत्राटदार म्हणाला, पाया उकरून काँक्रीटचा पट्टा घालूया. आकडा ऐकून बाबांचं जेवणावरचं मन उडालं. तुम्ही आलात, हाताने ऑगर (मातीत भोक पाडायचं गिरमिट) फिरवून खालची ओली माती काढलीत आणि म्हणालात, "एवढी गडबड कशाला करता ओ?"

मग स्वयंपाकघरात पाट्याखाली दाबून ठेवलेला आईचा चक्का दाखवलात. वजन ठेवलं की आधी भार पेलतं ते आतलं पाणी. ते निथळेल तसा भार कणांवर येतो, गोळा घट्ट होऊन खाली बसतो. चिकण मातीतून पाणी फार सावकाश निघतं, म्हणून घर वर्षानुवर्षं बसत राहतं. पाणी निघायच्या वाटा त्याच राहून थर दुप्पट जाड झाला, तर वेळ चौपट! हे गणित १९२३ साली कार्ल टर्झाघींनी मांडलं. मी व्हीटीयूचा (विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचा) पदवीधर, पण कॉम्प्युटरचा. हे नाव तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

१८८३ साली प्रागमध्ये जन्मलेला हा माणूस इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात सिगारच्या खोक्यांची उपकरणं करून चिखल दाबत बसायचा, हे मला फार आवडलं. १९२५ साली व्हिएन्नात त्याचं पुस्तक निघालं आणि मृदा यांत्रिकी (भाराखाली माती कशी वागते याचा अभ्यास) हा वेगळा विषय म्हणून उभा राहिला. पुढे हार्वर्डला शिकवू लागल्यावरही आग्रह तोच: नुसत्या सूत्रावर विसंबू नका, जागेवर मोजा, गरज पडली तर काम बदला.

तुम्हीही तेच केलंत. छपराचं पाणी पायापासून लांब सोडायला लावलंत, भेगेवर काचेची पट्टी चिकटवलीत, शेजारी पेन्सिलने तारीख. भेग हलली की काच तडकणार. पहिली काच तीन महिन्यांत तडकली (बाबांचं जेवण पुन्हा कमी). दुसरी आठ महिने टिकली. तिसरीने दोन पावसाळे काढले, अजून अखंड आहे.

आता गिलावा करायला हरकत नाही ना? रविवारी विचारायला येतोय, आपली बेळगावची मिठाई कुंदा घेऊन. तेवढा तरी घ्या.

आपला,
मागच्या खोलीवाला