जुना स्विमिंग पूल जरूर घ्या, पण गच्चीवर चढवू नका

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय: सोसायटीसाठी जुना, जमिनीवर उभा करायचा स्विमिंग पूल घेण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

सूचनाफलकावर "पूल बसवण्याबाबत" अशी नोटीस लागली त्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या आजींनी मला लिफ्टमध्ये गाठलं आणि विचारलं, "अहो, पण आपल्याकडे ओढा कुठाय?" त्यांना सांगता सांगता लक्षात आलं, की हा खोदकाम न करता पत्र्याचा गोल उभारून करायचा पूल नेमका काय प्रकार आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मला आहे. कसा ठाऊक झाला तेही पुढे सांगतो, त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

माझा पूल घ्यायला विरोध नाही. जुना घ्यायलाही नाही. विरोध आहे तो जागेला. नोटिशीत "गच्ची किंवा पोडियम" (पार्किंगच्या वरचा स्लॅब) असं लिहिलं आहे. दोन्ही नको.

हिशेब सोपा आहे. पूल १५ फूट व्यासाचा, पत्रा ४ फूट उंच. पाणी काठोकाठ भरत नाहीत, साडेतीन फूट धरू. म्हणजे ४.५७ मीटर व्यास आणि १.०७ मीटर पाणी. एकूण साधारण १७,५०० लिटर. एक लिटर पाणी एक किलोचं, तेव्हा साडेसतरा टन. सत्तर किलोंची अडीचशे माणसं फ्लॅटमधल्या हॉलएवढ्या जागेत आणायची म्हटलं तर ती उभी राहणारच नाहीत, एकावर एक रचावी लागतील. त्यातून माणसं कार्यक्रम आटोपला की घरी जातात, पाणी मात्र रात्रंदिवस तिथंच ठाण मांडून बसतं. दर चौरस मीटरला १,०७० किलो. राहत्या इमारतीची गच्ची चौरस मीटरला साधारण १५० ते २०० किलो वजन धरून बांधलेली असते. सचिव म्हणाले, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेतच की. आहेत, पण त्यांचं वजन आराखडा काढतानाच धरलेलं असतं आणि ते कॉलम-बीमवर उतरवलेलं असतं. पोडियमच्या खाली तर आपल्या गाड्या आहेत. तरीही कुणाचा आग्रह असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला आणावा. तोंडी "काही होत नाही हो" चालणार नाही.

जागा आहे आपल्याकडे. बिल्डिंगच्या मागे, मोडक्या घसरगुंडीच्या पलीकडे मोकळी माती आहे, ती. खालून ड्रेनेजची लाइन जात नाही ना आणि जमिनीखालची पाण्याची टाकी तिथवर येत नाही ना, एवढं जुन्या नकाशात बघून घ्यावं.

आता पुलाविषयी. गेल्या रविवारी खजिनदार आणि मी तो बघून आलो. विकणाऱ्या गृहस्थांकडे तो अजून उभा आहे, पाण्यासकट. ही जमेची बाजू. गुंडाळून कोपऱ्यात टाकलेला पूल मी सहसा घेणार नाही. उभा असला की गळतो का ते दिसतं, पंप चालवून त्याचा आवाज ऐकता येतो, कुठला तुकडा कुठं बसतो त्याचे फोटो काढता येतात. खजिनदार पाणी किती छान निळं आहे ते बघत होते. निळेपणा लायनरचा, म्हणजे आतून अंथरलेल्या प्लास्टिकचा असतो, पुलाचा नव्हे. मी उकिडवा बसून पत्रा बघत होतो.

पाण्यावरची पानं-कचरा ओढून घेणारं जे चौकोनी तोंड असतं, त्याला स्किमर म्हणतात. त्याच्या खाली मी स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलकेच ठोकत गेलो. चांगला पत्रा टणटण वाजतो. स्किमरखाली वीतभर जागेत आवाज बद्द आला, नखाने खरवडल्यावर रंगाचा पापुद्रा सुटला आणि आतून तपकिरी भुगा बोटाला लागला. स्किमरच्या सांध्यातली रबरी गॅस्केट जुनी झाली की तिथून पाणी झिरपतं, लायनर आणि पत्रा यांच्या मधून खाली उतरतं आणि पत्रा आतल्या बाजूने खात जातं. बाहेर डाग दिसतो तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. म्हणून पूल रिकामा करून लायनर काढला, की पैसे देण्याआधी पत्र्याच्या आत उभं राहून उन्हाच्या दिशेने बघायचं. भोकं असतील तर चांदण्यांसारखी चमकतात. स्किमरखालचा हा गंज मला तरी निभावण्यासारखा वाटतो. घासून, प्रायमर मारून, आतून पत्र्याचं ठिगळ लावता येईल.

गंज जोडावर असता तर मात्र मी तिथूनच परत फिरलो असतो. हा पत्रा म्हणजे एकच लांबलचक पट्टी. तिची दोन टोकं बोल्टच्या ओळीने जोडली की गोल तयार होतो, आणि पाण्याचा सगळा रेटा पिंपाच्या कड्यासारखा हा गोलच पेलतो. बाजूचे खांब दिसायला भक्कम असतात, पण गोल पुलात खरं काम पत्र्याचंच. आपल्या मापाला त्या एका जोडावर सुमारे १,३०० किलोंचा ताण येतो. त्या गृहस्थांच्या पुलाचा जोड कोरडा आहे, बोल्ट नवे घालावे लागतील इतकंच. पूल गोल आहे हेही बरं. लंबगोल असता तर सरळ बाजूंना रेटा धरायला वेगळे टेकू आणि खालून पट्ट्या लागल्या असत्या, आणि जुन्या मालात नेमक्या त्याच हरवलेल्या असतात.

लायनर नवाच घ्यायचा. खजिनदारांचा चेहरा पडला, पण यात तडजोड नाही. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं ते प्लास्टिक. वर्षानुवर्षं ऊन आणि क्लोरीन खाऊन ते कडक झालेलं असतं, पाणी काढलं की आकसतं आणि दुसऱ्या जागी ताणायला गेलं की कोपऱ्यात फाटतं. पत्र्यावरून बाहेर दुमडायचा साधा लायनर घ्यावा, त्याला खास पट्टी लागत नाही आणि उंचीत थोडं कमीजास्त झालं तरी सांभाळून घेतो. पंपाचं बघून ठरवू. बेअरिंग घरघरत होतं. ती चालू खर्चाची बाब आहे. वाळूचा फिल्टर चांगला दिसला, आतली वाळू मात्र बदलून घ्यायची. म्हणजे स्वस्तात मिळतोय तो पत्रा, खांब, वरच्या पट्ट्या आणि शिडी. भाव करताना याच गोष्टींचा करा. उतरवून, उचलून न्यायचं काम आपण करतो म्हटलं तर ते गृहस्थ आणखी खाली येतील. त्यांना ती जागा मोकळी हवी आहे, हे बोलण्यातून कळत होतं.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आणि माझ्या धाकट्या भावाने सासुरवाडीच्या अंगणात असाच एक जुना पूल उभा केला होता. जमीन एका बाजूला चार इंच खाली होती. उंच बाजू खणायचा कंटाळा, म्हणून आम्ही सखल बाजूला भराव टाकला आणि धुमसाने चोपून काढला. वरून हात फिरवला तर ओट्यासारखी जमीन. पाणी भरलं, मुलं डुंबली, आमचं कौतुक झालं. अकराव्या दिवशी सकाळी बघतो तर पाण्याची रेघ एका बाजूला पत्र्याच्या काठापासून वीतभर खाली आणि समोरच्या बाजूला जवळजवळ काठाला. भराव दबला होता. दबलेल्या बाजूला पाणी जास्त, म्हणून रेटा जास्त, म्हणून ती बाजू आणखी दबते. एकदा सुरू झालं की थांबत नाही. आम्ही नळी लावून पाणी काढायला धावलो, तेवढ्यात पत्र्याच्या खालून लायनर फुग्यासारखा बाहेर आला आणि फुटला. कुंड्या फाटकापर्यंत वाहत गेल्या. माणसं वाचली हे नशीब. सासूबाई आजही आल्यागेल्याला ही गोष्ट सांगतात, आणि माझ्या देखत सांगतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की पुलावर जे पैसे वाचतील ते जमिनीत घाला. उंच भाग खणून सखल भागाच्या पातळीला आणायचा. सखल भागात भर घालायची नाही, कितीही चोपली तरी नाही. मध्यभागी खुंटी ठोकून दोरीने गोल आखायचा, पुलापेक्षा फूटभर मोठा. मग गवंडी वापरतात ती पारदर्शक नळीची पाणसळ घेऊन कडेच्या प्रत्येक बिंदूची पातळी बघायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत इंचभराहून जास्त फरक राहता कामा नये. प्रत्येक खांबाखाली एक पेव्हर ब्लॉक, तो जमिनीत बसवून, पाणसळीत. आतल्या भागात दोन इंच चाळलेली वाळू. आणि आतल्या कडेने, पत्र्याच्या पायाशी, सहा इंच उंचीचा वाळूचा उतार थापायचा. हा उतार बहुतेक लोक विसरतात. तोच लायनरला पत्र्याखाली सरकू देत नाही. आम्हीही विसरलो होतो.

पत्रा उभा करायला वारा नसलेली सकाळ आणि निदान चार माणसं हवीत. पूर्ण गोल होईपर्यंत तो पत्रा शिडासारखा वागतो. लायनर उन्हात तासभर पसरून मऊ करायचा, अनवाणी आत जाऊन सुरकुत्या काढायच्या, आणि पाणी स्किमरच्या खाली टेकेपर्यंत त्याचं भोक कापायचं नाही. लायनर अजून खाली ओढला जातो. आधी कापलं की भोक भलतीकडे जातं.

वीज हा विषय वॉचमनच्या एक्स्टेन्शन बोर्डवर सोडू नये. पंपाला स्वतंत्र लाइन, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावं. पंप आणि त्याचं प्लग-स्विच काठापासून साडेतीन मीटर तरी लांब.

पाण्यावरून सभेत वाद होणार, म्हणून आकडे आधीच देतो. एकदा भरायला साडेसतरा हजार लिटर. त्यानंतर रोज ५ मिलिमीटर पाणी उडालं तरी ८२ लिटर जातात. रात्री वरून आच्छादन घातलं तर त्यात बरीच बचत होते. दर मोसमात पाणी ओतून देऊन नवं भरायची गरज नाही. पंप आठ तास चालवून पाणी फिरतं ठेवलं, मोकळा (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम, आणि पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) ७.२ ते ७.८ राखला, तर तेच पाणी टिकतं. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यामुळे "सुट्टीत पंप बंद ठेवू" ही बचत महागात पडेल. पूल रिकामाही ठेवता येत नाही. पाण्याचं वजन नसेल तर वाऱ्याने पत्रा दुमडतो.

रसायनांची चावी एकाच माणसाकडे असावी. क्लोरीनच्या गोळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात, ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट. त्या एकमेकांत मिसळल्या तर पेट घेऊ शकतात, म्हणून एकच प्रकार आणायचा आणि मापाचा चमचाही एकच. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही.

शेवटचा मुद्दा कुंपणाचा. नोटिशीत त्याचा शब्दही नाही, म्हणून मी सर्वात जास्त अस्वस्थ आहे. चार फुटी पत्रा हे कुंपण नव्हे. त्याला शिडी टेकलेली असते, आणि नसली तर कुणीतरी खुर्ची नेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यातली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं. आणि बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं ते श्वासापुरतं, हाक मारायला हवा उरत नाही. ग्राउंड फ्लोअरच्या खिडकीतून "आवाज आला की बघू" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तेव्हा चारही बाजूंनी निदान चार फुटी, चढायला आडव्या पट्ट्या नसलेलं कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक, कडी आतून आणि उंचावर. वापर संपला की शिडी उचलून कुलपात. साडेतीन फूट पाण्यात सूर मारायला सक्त बंदी. मान मोडायला तेवढं पाणी पुरतं. मोठं माणूस काठावर, मोबाइल खिशात, तरच मुलं पाण्यात. या कुंपणाचा खर्च अंदाजपत्रकात बसत नसेल तर पूल बसत नाही, असं मी समजतो.

माझी विनंती अशी: गच्ची आणि पोडियम हे दोन्ही पर्याय ठरावातून काढावेत, अंदाजपत्रकात जमीन, नवा लायनर, वीज आणि कुंपण हे चार खर्च वेगळे दाखवावेत, आणि मगच विषय सर्वसाधारण सभेपुढे आणावा. इसार द्यायची घाई नको. ते गृहस्थ महिनाभर थांबायला तयार आहेत, मी विचारलं आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी पाणसळीची नळी, दोरी आणि खुंट्या घेऊन मागच्या मोकळ्या जागेत असेन. समितीपैकी कुणी नळीचं दुसरं टोक धरायला आलं, तर जमीन किती खणावी लागेल हे नाश्त्याच्या आत कळेल. येताना जुने बूट घाला, तिथे काटे आहेत.

कळावे,
आपला,
एक सभासद
बी विंग, सहावा मजला