तुम्ही विषय बदलला नाहीत

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायचे तर ज्या प्रश्नासाठी ते मानायचे तो प्रश्नही उघडपणे मांडावा लागेल, म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे. तुमचं नाव घेत नाही. तुम्ही ओळखालच.

नैराश्याचं नववं वर्ष होतं. चार औषधं बदलून झाली होती, जोडीला लिथियम देऊन झालं होतं, दोनदा दाखल होऊन झालं होतं. त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, "काही देशांत मानसिक आजाराच्या रुग्णालाही इच्छामरण मिळतं. मी तिथे असते तर मला मिळालं असतं का?"

हाच प्रश्न मी आधी एका डॉक्टरांना विचारला होता. त्यांनी डोस वाढवला, बाहेर बसलेल्या माझ्या भावाला आत बोलावलं आणि माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "हिच्यावर लक्ष ठेवा." त्यानंतर दोन वर्षं मी तो प्रश्न मनातच ठेवला. लक्ष ठेवायला सांगणं चूक नव्हतं. तुम्हीही तेच सांगितलंत, पण आधी मला विचारून. आणि सगळ्यात आधी तुम्ही सरळ विचारलंत, "आज जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं मनात आहे का?" मी "आज नाही" म्हटलं. तसं वाटलंच तर कोणाला, कधी फोन करायचा हे आपण दोघींनी बसून लिहून काढलं. (हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात आज तसं असेल, तर कृपा करून ते आजच कोणाला तरी सांगा.) मग तुम्ही म्हणालात, "आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. पुढच्या वेळी दिवसातली शेवटची वेळ घ्या, म्हणजे आपल्याला घाई नसेल."

त्या शेवटच्या वेळांमध्ये तुम्ही मला जे शिकवलंत, त्यासाठी हे पत्र.

शाबो नावाच्या डच मानसोपचारतज्ज्ञांच्या खटल्याबद्दल मी पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकलं. पन्नाशीची बाई, शरीराला कुठलाही रोग नाही, दोन्ही मुलगे गेलेले, आणि आता जगायचंच नाही यावर ठाम. शाबोंनी तिला मरायला मदत केली. 1994 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यातना शरीराच्या आहेत की मनाच्या, यावर सगळं ठरत नाही. हे ऐकून मला रडू आलं होतं. माझं दुखणं खरं आहे, असं कुठल्यातरी न्यायालयाने लिहून ठेवलं होतं! पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत. शाबो दोषी ठरले, शिक्षा मात्र झाली नाही. दोषी का ठरले? त्यांनी इतर तज्ज्ञांचा सल्ला घेतला होता, पण त्यांच्यापैकी एकानेही त्या बाईला प्रत्यक्ष तपासलं नव्हतं. मनाच्या यातनांबाबत न्यायालयाला अधिक सावधगिरी हवी होती. तुम्ही हे सांगितलंत आणि दुसऱ्याच आठवड्यात मला आणखी एका तज्ज्ञांकडे पाठवलंत, नुसती फाईल नाही पाठवलीत. ते माझ्याशी दीड तास बोलले.

एकदा आपलं चांगलंच वाजलं, तेही आठवतं. तुम्ही विचारलंत, "ही इच्छा तुमची आहे की आजाराची?" मी चिडले. मला जगावंसं वाटतं असं मी म्हटलं असतं, तर ते आजार बोलतोय का असं कोणी विचारलं असतं? मरणाची गोष्ट काढली की लगेच माझी निर्णयक्षमता संशयात येते. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि म्हणालात, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. मग आपण निदान नीट बघू तरी." आणि मला वही करायला सांगितलीत. रोज एकच ओळ लिहायची: आज मरावंसं वाटलं का, आणि वाटलं तर कशासाठी.

तीन महिन्यांनी आपण ती वही समोर घेऊन बसलो. इच्छा जवळजवळ रोज होती. कारणं मात्र एक नव्हती. वाईट दिवसांत पानापानावर "मी सगळ्यांना ओझं झाले आहे" असं होतं, आणि जरा बऱ्या दिवसांत ते वाक्य पार नाहीसं झालेलं. दुसरं एक कारण दोन्ही दिवसांत टिकून होतं: "मी थकले आहे, आणि हे संपेल असं मला कोणी खात्रीने सांगत नाही." आजाराबरोबर येणारं-जाणारं कारण तुम्ही बाजूला ठेवलंत. टिकून राहिलेलं कारण खोडून काढायचा प्रयत्नही केला नाहीत. नऊ वर्षांत माझ्या बोलण्यातलं आजाराचं काय आणि माझं काय हे कोणी इतक्या कष्टाने निवडलं नव्हतं. बेल्जियमच्या कायद्यात, ज्याचा मृत्यू जवळ नाही अशा रुग्णाच्या बाबतीत लेखी विनंतीनंतर किमान एक महिना थांबावं लागतं. माझ्या वहीवरून सांगते, महिना फार थोडा आहे.

खात्रीचं तुम्ही काय केलंत? "मला माहीत नाही," असं म्हणालात. नैराश्यात एका औषधाने गुण आला नाही की पुढच्या टप्प्यावर दुसरा उपचार, असं करत गेलेल्या अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासाचे आकडे तुम्ही मला न लपवता दाखवलेत. पहिल्या औषधाने साधारण 37 टक्के लोकांची लक्षणं जवळजवळ गेली, आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर हा आकडा 13-14 टक्क्यांवर आला. मी म्हटलं, म्हणजे माझं संपलंच. तुम्ही म्हणालात, "चौथ्या टप्प्यावरही शंभरातल्या तेराजणांना गुण येतो. ते तेरा कोण, हे आधी सांगता येईल अशी कुठलीही तपासणी माझ्याकडे नाही. म्हणून तुमचा आजार असाध्य आहे असं मी लिहून देऊ शकत नाही. तुम्ही नक्की बऱ्या व्हाल असंही लिहून देऊ शकत नाही."

या विषयातली खरी अडचण मला तिथे कळली. इच्छामरणाचे कायदे "यातून सुटका नाही" हे डॉक्टरकडून वदवून घेतात, आणि मनाच्या आजारात नेमकं तेच प्रामाणिकपणे सांगणं सगळ्यात कठीण आहे. कॅनडाने केवळ मानसिक आजाराच्या कारणावरून मिळणारं इच्छामरण पुन्हा पुन्हा लांबणीवर टाकलं आणि 17 मार्च 2027 पर्यंत नेलं. नेदरलँड्समध्ये मात्र मानसिक आजारामुळे झालेल्या इच्छामरणांची संख्या 2010 साली 2 होती, ती 2024 साली 219 झाली. या दोन्हींपैकी एकाही बाजूकडे बोट दाखवून "ते चुकले" असं मला म्हणवत नाही. पण त्या 219 जणांपैकी प्रत्येकाला वही धरून बसणारं कोणी भेटलं होतं का, हा विचार मनातून जात नाही.

त्याला कारण आहे. नेदरलँड्समधल्या अशा 66 प्रकरणांच्या अहवालांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक अहवालांत एकटेपणाचा उल्लेख होता. तुम्ही मला पहिल्या महिन्यातच विचारलं होतं, "औषधांचं बाजूला ठेवू, दिवसभरात तुम्ही कोणाशी बोलता?" खरं उत्तर होतं, कोणाशीच नाही. एकटेपणाने माणूस मरण मागत असेल, तर ती मागणी मान्य करून समाजाने आपली सुटका करून घेऊ नये, हे माझं ठाम मत तेव्हापासूनचं आहे.

आणि तरीही सरसकट बंदी हे उत्तर मला पटत नाही. बेल्जियमच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे इच्छामरण मागायला आलेल्या 100 मानसिक रुग्णांचा अभ्यास 2015 साली आला. त्यातल्या 48 जणांची विनंती मान्य झाली, 35 जणांच्या बाबतीत ती अमलात आली. उरलेल्या तेरांपैकी आठजणांनी ती पुढे ढकलली किंवा रद्द केली, कारण वाट मोकळी आहे एवढं कळल्यानेच त्यांना जगायला पुरेसं स्वास्थ्य मिळालं. त्या आठजणांचं मन मला कळतं. मला कायद्याने काही दिलं नव्हतं. तुम्ही प्रश्न बोलू दिलात, एवढ्यावरच माझ्या छातीवरचं वजन उतरायला लागलं होतं.

पुढे मी ईसीटीला तयार झाले, ज्याला लोक अजून शॉक म्हणतात आणि ज्याची मला वर्षानुवर्षं भीती होती. सहाव्या वेळेनंतर एका सकाळी आंघोळीला जायचं ठरवावं लागलं नाही, मी उठले आणि गेले. त्या महिन्यांतल्या काही आठवणी मात्र गेल्या, त्या परत आल्या नाहीत. आज मी पूर्ण बरी नाही, गोळ्या चालू आहेत. मी वाचले म्हणून सगळ्यांनी थांबलंच पाहिजे, असं मी कोणाला सांगत नाही. माझ्याइतकाच धीर धरून, सगळे उपचार घेऊनही ज्यांना गुण आला नाही, त्यांच्या तोंडावर माझी गोष्ट फेकली जाऊ नये. चौथ्या टप्प्यावरही गुण येणारे जे तेराजण तुम्ही सांगितले होते, त्यांच्यासारखी मी निघाले, एवढंच खरं.

मला गुण आला नसता तरीही हे पत्र मी तुम्हाला लिहिलं असतं. आभार उपचारांचे आहेतच, पण त्याआधी त्या सगळ्या शेवटच्या वेळांचे आहेत, ज्यात तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

वही अजून चालू आहे. आता रोज लिहीत नाही. पुढच्या भेटीला घेऊन येते, शेवटची तीस-चाळीस पानं तुम्ही वाचलेली नाहीत.

तुमची,
एक रुग्ण