दादांची पुस्तकं

सोलापूर

प्रिय विजू,

पत्र मिळालं. दादांची पुस्तकं आपल्या पेठेतल्या वाचनालयाला द्यायची तुझी कल्पना चांगली आहे, पण टेम्पो भरून पाठवू नकोस बे. आधी तिथला आजचा कारभार ऐक.

देवघेवीची ती खिडकी आठवते? पुस्तकं आत कुलपात. आपण चिठ्ठीवर पाच-सहा नावं लिहून द्यायची आणि आतून उत्तर यायचं, ‘बाहेर गेलंय.’ एखादं मिळालंच, तर पुस्तकाच्या खिशातलं कार्ड काढून आपल्या तिकिटात खोचायचे आणि मागच्या पट्टीवर तारखेचा शिक्का ठोकायचे. पट्टीवर शिक्के जितके दाट, तितकं पुस्तक भारी, असा आपला हिशेब. तू रहस्यकथा मागितलीस की ग्रंथपाल सगळ्यांदेखत विचारायचे, ‘परीक्षा कधी आहे?’

आता कपाटं उघडी. हिंडायचं, चाळायचं, हवं ते काढायचं. पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६३ हा वर्गीकरणाचा आकडा दिसला की मराठी कादंबरी, हे मलासुद्धा पाठ झालंय. बारकोडवर टकटक केलं की पुस्तक आपलं, परत करायची आठवण फोनवर. लोक जुन्या ग्रंथपालांच्या आठवणीने हळवे होतात. मी नाही होत. काय वाचतोस म्हणून कोणी हटकत नाही, हे मला फार बरं वाटतं.

खरा बदल वरच्या मजल्यावर झालाय. तिथे अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी सकाळपासून रात्रीपर्यंत बसून, प्रत्येकाची खुर्ची ठरलेली, टेबलावर पाण्याची बाटली आणि चार्जर. त्यांतली फार थोडी खाली येऊन कादंबरी नेतात. आपले जुने सभासद कुरकुरतात, की पुस्तकं राहिली बाजूला आणि खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा झाला. मला ते पटत नाही. गिरणीची पाळी सुटल्यावर येणारे कामगार तरी कुठे ग्रंथ मागत होते? एका वर्तमानपत्राची पानं सुटी करून चौघांत वाटून घ्यायचे, आणि एप्रिल-मेमध्ये पंख्याखालची जागा धरून तासभर हलायचे नाहीत. गिरण्या बंद पडल्या, पंख्याखाली आता त्यांची नातवंडं बसतात. घरी दोन खोल्यांत सहा माणसं आणि टीव्ही. अभ्यास करणार कुठे?

शिवाय पैशाचं बघ. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड असे दर्जे लावून अनुदान मिळतं. त्यातच पगार, त्यातच पुस्तकं. अभ्यासिकेच्या फीवर निदान विजेचं बिल तरी निघतं. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी अजून चालू आहे, आणि तेव्हा मात्र काउंटरवर पूर्वीसारखीच रेटारेटी असते.

मला खटकतं ते वेगळंच. आपल्या गावात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू घरोघरी बोलतात, पण आपल्या वाचनालयात या तिन्ही भाषांची मिळून एक फळी भरत नाही. पूर्व भागातल्या आजोबांनी तेलुगू मासिक वाचायला जायचं कुठे? समितीला मी दोनदा लिहून दिलं. ‘मागणी नाही’ म्हणतात. नसलेल्या पुस्तकाला मागणी येणार कशी?

आता दादांच्या कपाटाचं. देणगीतलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवावं लागतं, नंबर टाकावा लागतो, कपाटात जागा करावी लागते. त्यामुळे जुनी गाईडं, कायद्याच्या बाद झालेल्या आवृत्त्या आणि वाळवी लागलेलं काही देऊ नकोस. ती रद्दीतच घाल. दादांनी जमवलेली सोलापूरची पुस्तकं मात्र वेगळी काढ. १९३०च्या मार्शल लॉवरची, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे या चौघांच्या फाशीवरची कात्रणं त्यांनी एका फाईलमध्ये लावली होती. त्या फाईलला टाचण्या असतील तर काढ, गंजून कागद खातात. ती फाईल देताना दादांच्या हातची यादीही दे.

बाकीच्यांची नावं आणि सालं वहीत उतरवून फोटो पाठव. मी ग्रंथपालबाईंना दाखवून खुणा करून आणतो. जानेवारीत येऊ नकोस, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत गाडी आत यायची नाही. फेब्रुवारीत ये. वहिनींना नमस्कार सांग, आणि शेंगाचटणी किती आणू ते त्यांनाच विचारून कळव.

तुझा,
दत्ता