काचेवर न सरकणारा ठिपका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारामती, गोंदिया, धुळ्याच्या प्रशिक्षण विमानांचा विषय निघाला की 'टक्कर टाळणारं यंत्र असतंच ना?' असं हमखास विचारलं जातं. १९९६च्या चरखी दादरीच्या टकरीनंतर आपल्याकडे मोठ्या प्रवासी विमानांना ते सक्तीचं झालं. दोन-चार आसनी विमानात ते सहसा नसतं. तिथे भिस्त डोळ्यांवर.

आणि डोळे नेमके इथेच फसतात. नजर हालचाल टिपते. पण दोन्ही विमानं सरळ जात असतील, तर धडकेच्या वाटेवरचं विमान काचेवर सरकतच नाही. एका जागी राहून मोठं होत जातं. काचेवर चिकटलेलं चिलट आणि ते विमान सुरुवातीला सारखंच दिसतं, म्हणून उड्डाणाआधी काच पुसणं हे शोभेचं काम नव्हे. ठिपका जागच्या जागी फुगतोय असं दिसलं की लगेच वाट बदलायची. समोरासमोर असाल तर दोघांनीही उजवीकडे.

प्रत्येकी १०० नॉटने (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) समोरासमोर येणाऱ्या विमानांमधलं अंतर सेकंदाला शंभर मीटरहून जास्त घटतं. दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं याला साडेबारा सेकंद धरतात, म्हणजे जवळपास १३०० मीटर. तेवढ्यावरून सेस्ना हे ११ मीटर पंखांचं छोटं प्रशिक्षण विमान चंद्रबिंबाइतकं रुंद दिसतं, तेही बारीक रेघेसारखं.

म्हणून नजर सरसर फिरवून उपयोग नाही. दहा-दहा अंशांचा तुकडा घ्या, किमान सेकंदभर थांबा, मग पुढचा. निरभ्र आकाशात डोळे आपोआप जवळच स्थिरावतात. अधूनमधून क्षितिजावरच्या एखाद्या डोंगरावर नजर टेकवा. खिडकीच्या खांबामागचं बघायला मान हलवावीच लागते.

सेस्नाचा पंख डोक्यावर असतो. वळताना तो झुकतो आणि वळायची बाजूच झाकतो, म्हणून आधी तो किंचित उचलून बघायचं. सर्वांत वाईट जोडी उतरतानाची: वरून येणाऱ्या विमानाचे पंख त्याच्या पोटाशी, खालून येणाऱ्याचे छतावर. दोघांनाही दुसरा दिसत नाही. शेवटच्या वळणाआधी धावपट्टीच्या रेषेत दोन्ही बाजूंना दूरवर पाहणं त्यासाठीच. विमानतळावर नियंत्रण टॉवर नसेल तर रेडिओवर आपली जागा सांगावीच, पण ऐकणारा त्याच फ्रिक्वेन्सीवर असेलच असं नाही.

नव्या विमानांतले उपकरणांचे मोठे डिजिटल पडदे शिकणाऱ्यांची नजर आत ओढून घेतात. प्रशिक्षकांनी सर्किटच्या, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या, एखाद्या फेरीत ते सरळ झाकून ठेवावेत आणि परीक्षकांनी बाहेर बघण्याला वेगळे गुण द्यावेत.

आपला,
एक उड्डाण प्रशिक्षक