चिठ्ठी मिळाली, थेरपी कुठे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात मी अंगणवाडी सेविका होते. आता निवृत्त आहे, त्यामुळे हे पत्र लिहायला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही. सांगायचं एवढंच, की वाढीत मागे पडलेली लहान मुलं आम्हाला सापडतात. पुढे त्यांना थेरपी मिळाली का, किती वेळा मिळाली, हे आमच्या कुठल्याच रजिस्टरात विचारलेलं नसतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. वर्षातून दोनदा आरोग्य पथकाने अंगणवाडीत यायचं, मुलं तपासायची, आणि एखादं मूल बसत नाही, बोलत नाही, नजर देत नाही असं दिसलं तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राची, चिठ्ठी द्यायची. पथकातले डॉक्टर, सिस्टर उन्हातान्हात फिरतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चिठ्ठी दिली की मूल ‘संदर्भित’, म्हणजे पुढे पाठवलेलं, होतं आणि रकाना संपतो.

एक उदाहरण सांगते. नऊ-दहा महिन्यांचं बाळ प्रत्येक वस्तू डाव्याच हाताने घेतं, उजवी मूठ आवळलेली. घरात कौतुक, डावखुरा होणार म्हणून. पण पहिल्या वर्षात बाळ साधारणपणे दोन्ही हात सारखेच वापरतं. इतक्या लवकर एकच हात पुढे येत असेल, तर दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघायला हवं. आईला बाळंतपणाचं विचारलं की कधी कळतं, दिवस भरायच्या आत झालं होतं. कधी कळतं, जन्मल्यावर रडलंच नव्हतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. अशा बाळाच्या चांगल्या हातावर ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोज थोडा वेळ मोजा चढवतात आणि दुबळ्या हाताला खुळखुळा, मुरमुरे, वाटी धरायला लावतात. आठवडेच्या आठवडे हेच. दिसायला पोरखेळ, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू नवी सवय जितक्या सहज धरतो तितक्या सहज पुढे धरत नाही. शाळेत घालायच्या वयात तेच मूल आणलं तर काम कितीतरी अवघड होऊन बसतं.

आमच्याकडे ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, म्हटलं की लोकांना मालिश वाटते. मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, घास चावतं का, सदऱ्याचं बटण लावतं का, कुकरच्या शिट्टीला कान दाबून किंचाळतं का, एका जागी बसून खेळतं का, ही सगळी ओटीची कामं आहेत. पातळ वरणाशिवाय काहीही तोंडात घालू न देणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आया वर्षानुवर्षं लाडावल्याचा ठपका सोसतात. बोलायला उशीर झाला तर तयार उत्तर असतं, ‘त्याचा बापही उशिराच बोलला.’ दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर बापाचा इतिहास बाजूला ठेवून कान तपासावेत आणि थेरपी सुरू करावी, एवढं आम्ही सेविका सांगू शकतो. पुढचं आमच्या हातात नाही.

आता चिठ्ठी घेतलेल्या आईकडे बघा. पूर्व भागात घरोघरी विड्या वळतात, आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे न वळलेल्या विड्या. ती पहिल्यांदा जाते, दुसऱ्यांदा जाते. तिसऱ्या वेळी सासू विचारते, गोळी नाही, इंजेक्शन नाही, मग जायचं कशाला? हिला निदान शहरातली रिक्षा तरी मिळते. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून लांब. आठवड्याला मूल कडेवर घेऊन एसटीने एवढं अंतर कोण कापणार?

म्हणून पहिली मागणी. पंढरपूर, अकलूज, करमाळ्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत ओटी आणि स्पीच थेरपिस्ट ठरल्या वारी बसवा. आणि तो वार आठवडी बाजाराचा ठेवा. त्या दिवशी गावची माणसं तशीही तालुक्याला येतात, आईला वेगळी सबब सांगावी लागत नाही. यासाठी मोठी इमारत नको. सतरंजी, दोन चेंडू, आरसा आणि जाणकार माणूस पुरेसा आहे. शेवटचा महत्त्वाचा. माणूस कंत्राटावर नेमायचा, मूल त्याला ओळखू लागलं की तो चांगली नोकरी बघून जायचा, हे थांबायला हवं. १९५० साली कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली ओटीची पहिली शाळा काढली. ज्या राज्यात हे शिक्षण सुरू झालं, तिथल्या तालुक्याच्या गावाला पाऊणशे वर्षांनंतरही थेरपिस्टची वाट बघायला लागू नये.

दुसरं, भाषेचं. घरी करायच्या व्यायामाचा कागद मराठीत मिळतो. माझ्या वस्तीतल्या अक्का घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे उर्दू. थेरपिस्टने आईच्याच मोबाइलवर, तिच्याच मुलाला घेऊन दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून द्यावा. ती तो सासूलाही दाखवेल.

तिसरं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण दीड वर्षाचं मागे पडलेलं मूल अजून कुठल्याच नावात बसत नाही. केंद्राच्या निरामय आरोग्य विम्यातून थेरपीचा खर्च मिळतो, पण त्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. याच कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्कही सहाव्या वर्षापासून आहे. म्हणजे ज्या वयात सगळ्यात जास्त करता येतं, त्याच वयात मूल कागदावर कुणाचंच नसतं. अंगणवाडी महिला व बालविकासची, पथक आपलं, शाळा शिक्षण विभागाची, आणि आता दिव्यांग कल्याणचाही स्वतंत्र विभाग. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर घरं चार. शंका आली त्याच दिवशी थेरपी सुरू व्हावी, नाव आणि प्रमाणपत्र मागाहून येऊ द्या, असा लेखी आदेश आपण काढू शकता.

आणि मासिक अहवालात एक रकाना वाढवा: संदर्भित मुलांपैकी या महिन्यात किती जणांना थेरपी मिळाली, आणि प्रत्येकाला किती वेळा. तालुकावार आकडे जिल्हा रुग्णालयाच्या दारात फळ्यावर लावा, मंजूर पदं आणि भरलेली पदं यांच्यासकट. पालक वाचतील आणि विचारतीलही.

आपली,
पूर्व भागातील एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
सोलापूर