मँचेस्टरहून वडसाला

मँचेस्टर, ऑक्टोबर

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. थंडी पडायला लागली, पण खोलीत हीटर आहे आणि आईचं स्वेटर अंगावरून उतरत नाही. ड्युटीचं तेच ते, फोनवर सांगितलंच आहे.

बाबा, आधी तुमच्या काळजीचं. रात्रीच्या नाटकाला एकटी जाते म्हणून एवढं काय? इथं साडेसातला नाटक सुरू होतं. आपल्याकडे पहिली घंटा होते तोवर इथले लोक ट्राममध्ये बसून घरी निघालेले असतात. आणि झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं करणाऱ्या कंपनीवाल्यानं पोरीला रात्रीच्या नाटकाची भीती घालावी, म्हणजे कमालच झाली.

मी जाते ते रॉयल एक्सचेंज. पूर्वी ही कापसाचा सौदा व्हायची जागा. १९६८ साली बाजार बंद झाला, त्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून भिंतीवर वर लावलेले आहेत. १९७६ पासून तिथं नाटक. जुन्या फरशीला भार पेलेना, म्हणून लोखंडी नाट्यगृहच दालनाच्या खांबांवर टांगलंय. रंगमंच मधोमध, प्रेक्षक चहूबाजूंनी. पडदा नाही, सिनरी नाही, विंगेतला प्रॉम्प्टर नाही. तुमच्या म्हाताऱ्या नटांचं इथं कठीण झालं असतं!

१९९६ च्या बॉम्बस्फोटात इमारतीचं फार नुकसान झालं. तरी खेळ थांबले नाहीत. दुसरीकडच्या जुन्या बाजाराच्या शेडमध्ये दोन वर्षं नाटकं केली आणि १९९८ ला परत आले. साठीच्या पुढच्यांची वेगळी नाटक कंपनी आहे त्यांची. आमच्या वॉर्डातून निवृत्त झालेली एक बाई तिच्यात आहे, गुडघे दुखतात पण तालीम चुकवत नाही.

एक गोष्ट मात्र अजून पचत नाही. मध्यंतरात प्यायचं जे असेल ते लोक नाटक सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवतात, पैसेही देतात. मध्यंतर झालं की फळीवर भरलेले ग्लास मांडलेले, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. पहारा नाही. शेकडो माणसं बाहेर येतात, आपापली चिठ्ठी शोधतात, दुसऱ्याच्या ग्लासाला कोणी बोटही लावत नाही. शेजारच्याचा ग्लास आधी सापडला तर "सॉरी" म्हणून बाजूला सरकतात. मी मुद्दाम उभी राहून बघितलं, एकही चुकला नाही. आई, माझ्या चिठ्ठीवर संत्र्याचा रस असतो. बाबांना वाचून दाखव.

आता गावोगावी तुमची नाटकं ठरवणाऱ्या मंडळांचं. डान्स वाढवा नाहीतर कंत्राट देत नाही म्हणतात, म्हणून हुंड्यावरचं जुनं नाटक काढून टाकायचं तुम्ही ठरवलंत. इतक्या दूर बसून अक्कल शिकवायला मला काय जातं, हे कळतं. पण इथलेसुद्धा नाताळात गाण्याबजावण्याचं मोठं नाटक लावून घर भरतातच. नव्या लेखकांची स्पर्धाही तेच चालवतात, संहितेवर नाव न ठेवता वाचतात. सरकारी अनुदान आहे म्हणा त्यांना, तुम्हाला तिकिटाशिवाय काय? तरी डान्स दोन वाढवा, नाटक राहू द्या. ते लागलं की बायका पहाटेपर्यंत उठत नाहीत, हे तुम्हीच सांगायचे.

या हंगामात तिकिटाच्या पेटीवर कोण बसणार, ते लिहिलं नाहीत. दादाला जमेल, फक्त सुट्टे आधी आणून ठेवा म्हणावं.

साठ हजार पाठवलेत. ते घरावरच्या पत्र्यांसाठी आहेत. बाबा, आईसमोर सांगते, नव्या माइकसाठी नाही. माइकचे डिसेंबरात बघते. ओव्हरटाइम मिळतो, जेवणबिवण मोडत नाही.

ब्रम्हपुरीच्या स्थळाचं म्हणाल, तर बैलांच्या शंकरपटातल्या नाटकाला त्यांना बोलवा, जेवू घाला, निम्म्या सोयरिकी तिथंच जुळतात. पण माझ्या वतीनं होकार देऊ नका. दिवाळीला येत नाही, आई, रजा खरंच मिळाली नाही. फेब्रुवारीची मागितली आहे. तेव्हा मुलाशी मी स्वतः बोलेन, आणि नोकरी सोडायची अट असेल तर त्यांना आत्ताच सांगून टाका.

तुमची,
बेबी