कावीळ उतरवण्याआधी पोटाची सोनोग्राफी करा

संपादक महोदय,

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात काविळीच्या साथीच्या बातम्या येतात आणि पाणी उकळून पिण्याचा सल्लाही छापला जातो. तो योग्यच आहे. पण ज्या काविळीचा दूषित पाण्याशी संबंध नसतो, तिच्याविषयी वाचकांना फारसे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र. यकृतात तयार होणारे पित्त आतड्यात नेणारी पित्तनलिका सुजली, खड्याने बुजली किंवा तिच्यात गाठ वाढली, की पित्त तुंबते, रक्तात उतरते आणि डोळे तसेच पिवळे दिसतात.

माझे थोरले बंधू ५८ वर्षांचे, सांगली जिल्ह्यात शेती करणारे होते. त्यांना कावीळ झाली तेव्हा ताप नव्हता, पोटात दुखत नव्हते, त्यामुळे घरात कोणी घाबरले नाही. दर रविवारी आणि बुधवारी ते शेजारच्या गावी झाडपाल्याच्या औषधाला जात; एकदा मीही सोबत होते. देवडांगरी या वनस्पतीच्या रसाचे थेंब नाकात सोडल्यावर काही वेळाने पिवळे पाणी टपकू लागले, तेव्हा भोवतीची माणसे म्हणाली, “बघा, कावीळ बाहेर पडतेय.” तो त्या झोंबणाऱ्या रसाने नाकातून सुटलेला स्राव होता, पित्ताचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे मला फार उशिरा समजले. तेल आणि हळद बंद झाली. अंगाची खाज मात्र इतकी वाढली की वहिनी सकाळी चादर झटकायच्या तेव्हा तिच्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसत. पथ्य मोडले म्हणून खाज सुटली, असे आम्हाला सांगण्यात आले. तालुक्याच्या एका डॉक्टरांनीही सलाइन लावून वाट पाहायला सांगितले.

सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली आणि यकृतातल्या नलिका फुगलेल्या दिसल्या. रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य खूप वाढून १९ झाले होते. एमआरआयने पित्तनलिकांचे चित्र घेणाऱ्या एमआरसीपी या तपासणीत उजवी आणि डावी नलिका जिथे एकत्र येतात, नेमका तिथेच कर्करोग आढळला. या जागेच्या गाठीला वैद्यकात अमेरिकन डॉक्टर क्लॅटस्किन यांचे नाव आहे, कारण १९६५ मध्ये त्यांनी तिचे सविस्तर वर्णन केले. ती काढायची तर नलिकेसोबत यकृताचा मोठा भागही काढावा लागतो, आणि त्यासाठी रुग्णाच्या अंगात ताकद लागते. ते सहा आठवडे वाचले असते तर बंधू बरे झाले असते, असे मी म्हणत नाही. पण तेवढ्या काळात वजन ११ किलोंनी उतरले, तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला आणि शस्त्रक्रियेचा विचारच मागे पडला. नलिकेत स्टेंट बसवल्यावर खाज थांबली, केमोथेरपीने काही महिने मिळाले. ते महिने त्यांनी शांतपणे घालवले, याचे मला समाधान आहे.

झाडपाल्यावर लोकांचा विश्वास बसतो तो उगाच नाही. हिपॅटायटिस ए या विषाणूमुळे होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि त्याचे श्रेय औषध देणाऱ्याला जाते. ओळखायची असते ती पित्त अडल्याने होणारी कावीळ. तिच्यात शौचाचा रंग मातकट पांढरा होतो, कारण त्याला रंग देणारे पित्त आतड्यात पोहोचतच नाही. लघवी काळ्या चहासारखी होते आणि अंगाला खाज सुटते. कावीळ, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि हुडहुडी भरून ताप ही तीन लक्षणे एकत्र आली, तर तो पित्तनलिकेचा जंतुसंसर्ग असू शकतो. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्येच हे त्रिकूट नोंदवले होते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे, कारण प्रतिजैविके आणि अडलेले पित्त मोकळे करणे या दोन्हींची गरज असते. आमच्या आत्याबाईंना असेच झाले होते. दुर्बिणीने, म्हणजे ईआरसीपीने, नलिकेतला खडा काढला आणि चौथ्या दिवशी त्या घरी आल्या.

प्रत्येक अरुंद झालेली नलिका कर्करोगाचीच असते असेही नाही. आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी निगडित असलेला एक दाह हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो, पण स्टिरॉइडने उतरतो. म्हणूनच पूर्ण तपासणीआधी आशा सोडू नये. उलट, आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या दाहाच्या आजाराबरोबर अनेकदा आढळणारा नलिकांचा चिवट दाह वर्षानुवर्षे व्रण धरत जातो, त्यात कर्करोगाचा धोका वाढतो आणि शेवटी काहींना यकृत प्रत्यारोपणच करावे लागते. नलिकेला जन्मतःच फुगा असलेल्या मुलांचा तो फुगा वेळीच काढणे आवश्यक असते, तेही याच धोक्यामुळे. ईशान्य थायलंडमध्ये नदीतले मासे कच्चे खाल्ल्याने पोटात जाणारा यकृतकृमी या कर्करोगाचे मोठे कारण आहे. जपानमध्ये ओसाका येथील एका छापखान्यात यंत्रावरची शाई पुसणाऱ्या तरुण कामगारांना हाच कर्करोग झाल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. साफसफाईच्या द्रावणातले डायक्लोरोप्रोपेन त्याला कारणीभूत ठरले. छपाईच्या व्यवसायातल्या मंडळींनी हे आवर्जून लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. आरोग्य विभागाने काविळीच्या प्रत्येक रुग्णाच्या बिलिरुबिनचा प्रकार आणि पित्त अडल्यावर रक्तात वाढणारे अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर तपासावे, आणि पित्त अडल्याचा संशय येताच त्याला सोनोग्राफीसाठी पाठवावे; ही तपासणी फार महाग नाही. आणि आपण येत्या पावसाळ्यात साथीच्या बातमीशेजारी एक छोटी चौकट छापावी: पांढरी शौच, काळसर लघवी, अंगाला खाज. आमच्या घरी ही तिन्ही लक्षणे पहिल्याच आठवड्यात दिसत होती.

आपली नियमित वाचक,
सांगली